लवदार कापडाच्या कार-सीट्स: पाणी थोडे, ब्रश पुष्कळ

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गाडीच्या आतल्या स्वच्छतेविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रे स्वेडसारख्या, मखमली लव असलेल्या कापडाच्या सीट्सविषयी आहेत, म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. अशा सीट्स मळाने जितक्या खराब होतात, त्याहून अधिक त्या चुकीच्या धुण्याने खराब होतात, हे माझे ठाम मत आहे आणि पुढील बहुतेक उत्तरांत ते पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न: मी नुकतीच एक वापरलेली गाडी घेतली. तिच्या सीट्सचा मधला भाग करड्या रंगाच्या, स्वेडसारख्या कापडाचा आहे. मागची सीट अजून मऊ आहे, परंतु चालकाच्या सीटचे कापड पाठ आणि मांड्या टेकतात त्या जागी चकचकीत, चपटे आणि हाताला कडक लागते. सोसायटीत गाड्या धुणारा मुलगा शाम्पूने घासून देतो म्हणतो. त्याच्याकडून करून घेऊ का? (मुलुंड)

उत्तर: कृपया घेऊ नका. बादलीभर फेसाळ पाणी आणि कपडे घासण्याचा कडक ब्रश यांनी रेक्झिनची सीट स्वच्छ होते, पण या कापडाची लव त्याने विस्कटते, आणि आतला फोम भिजून कित्येक दिवस ओला राहतो तो वेगळाच.

आधी हे कापड कशाचे आहे ते समजून घेतले, तर काय करावे आणि काय टाळावे हे लक्षात ठेवणे सोपे जाते. खरे स्वेड म्हणजे जनावराच्या कातड्याची आतली बाजू घासून लवदार केलेली. गाड्यांत दिसते ते बहुधा कातडे नसतेच. जपानमधील तोरे या कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिशय बारीक पॉलिएस्टर तंतूंपासून स्वेडसारखे कापड तयार केले. १९७२ मध्ये तोरे आणि इटलीतील एनी उद्योगसमूह यांच्या भागीदारीतून अल्कांतारा ही कंपनी उभी राहिली, आणि तिचे कापडही याच नावाने ओळखले जाते. त्यात सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते. लव असते ती पॉलिएस्टरची. त्या तंतूंना एकत्र धरून ठेवण्याचे काम पॉलियुरेथेन करते. पॉलिएस्टर चिवट आहे. पॉलियुरेथेनला मात्र ॲसिटोन, जास्त उष्णता आणि दीर्घकाळची दमट हवा बाधते. म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर यांना या सीटपासून दूर ठेवावे, मग डाग कितीही हट्टी असो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अन्यत्र शिवून मिळणारी ‘स्वेड’ कव्हरे बहुधा साध्या विणलेल्या पॉलिएस्टरची असतात आणि त्यांच्या पाठीला पातळ स्पंज चिकटवलेला असतो. त्यांनाही खालील पद्धत चालते. केवळ खरे कातडे असेल तर पाणी लावू नये. गाडीच्या पुस्तिकेत सीटचे साहित्य नमूद केलेले असते. पुस्तिका नसल्यास सीटच्या मागील चेन थोडी उघडून कापडाची उलटी बाजू पाहावी. ती सर्वत्र एकसारखी, कापडासारखी असेल तर कापड कृत्रिम आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. सीट चकचकीत होते याचा अर्थ लव झिजली असाच होत नाही. घाम, त्वचेचा तेलकटपणा, सनस्क्रीन आणि धूळ यांचा चिकट थर तंतूंवर बसतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि वर रोज बसल्यामुळे ते आडवे दाबले जातात. बोटाचे टोक किंचित ओले करून चपट्या भागावर उलट दिशेने दोनतीनदा फिरवा. तेवढ्याने जरी काही तंतू उभे राहून रंगाची छटा बदललेली दिसली, तरी सीट पुष्कळशी पूर्ववत होईल असे समजा.

काम सकाळी सुरू करा, म्हणजे सुकण्यास दिवस आणि रात्र दोन्ही मिळतील. प्रथम मऊ केसांचे तोंड लावलेल्या व्हॅक्यूमने संपूर्ण सीट आणि विशेषतः शिलाईच्या खाचा साफ करा, कारण खाचेत राहिलेली वाळू ओली झाली की कापडावर घासली जाते. मग बुटांसाठी मिळणारा घोड्याच्या केसांचा नवा, पॉलिश न लागलेला ब्रश किंवा तान्ह्या मुलांच्या केसांचा मऊ ब्रश घेऊन कोरडेपणीच लव सर्व दिशांनी विंचरा. एक लिटर कोमट पाण्यात लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारा सौम्य द्रव साबण एक चमचा मिसळा. कपड्यांची पावडर वापरू नका; तिच्यातील अल्कली कापडातून नीट निघत नाही आणि मागे राहिलेला साबण पुन्हा धूळ धरतो. रिठ्याचे पाणी सौम्य असते हे खरे, पण त्याचा स्वतःचा तपकिरी रंग फिकट कापडावर उमटू शकतो.

पांढरे सुती किंवा मायक्रोफायबरचे फडके या पाण्यात बुडवून इतके घट्ट पिळा की मुठीत दाबल्यावर त्यातून थेंब पडणार नाही. रंगीत फडके नको, त्याचा रंग सीटला लागतो. पुसताना एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंतचा पूर्ण तुकडा पुसा, केवळ मळलेली जागा नव्हे. एवढीच जागा ओली केली, तर मळ पाण्याबरोबर ओल्या भागाच्या कडेपर्यंत सरकतो आणि सुकल्यावर तेथे गोल कडा उमटते; धुतल्यानंतर डाग पडला अशी तक्रार ज्या पत्रांत असते, त्यांत बहुतेक वेळा झालेले असते ते हेच. दोनचार हात मारले की फडके खळबळून पुन्हा पिळा. पाणी चहासारखे होऊ लागले की ते बदला. शेवटी साध्या पाण्यात पिळलेल्या दुसऱ्या फडक्याने साबण निघेपर्यंत पुसा आणि कोरडा टॉवेल दाबून ओल टिपून घ्या.

येथे पाण्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. भातसा, तानसा, वैतरणा अशा जलाशयांतून येणारे मुंबई महापालिकेचे पाणी मृदू आहे आणि या कामाला उत्तम आहे. अनेक सोसायट्यांत गाड्या धुण्यासाठी बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी ठेवलेले असते. ते जड असले तर सुकताना त्यातील क्षार लवेवर पांढुरके बसतात आणि कापड पुन्हा कडक लागते. तेव्हा स्वयंपाकघरातील नळाचे पाणी खाली घेऊन जा.

यानंतरचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सीट मऊ होते ती त्याच टप्प्यात. कापड अर्धवट सुकले, म्हणजे हाताला गार लागते पण तळवा ओला होत नाही अशा स्थितीत आले, की ब्रश हलक्या हाताने लहान लहान वर्तुळांत फिरवा. पहिल्या काही मिनिटांतच ब्रशच्या केसांच्या टोकांवर करडा, मेणचट थर जमलेला दिसेल. हाच तंतू चिकटवणारा मळ आहे. ब्रश प्रत्येक वेळी ओलसर फडक्यावर पुसून घ्या, नाहीतर तोच मळ तुम्ही शेजारच्या जागेवर नेऊन लावाल. जोर लावण्याची आवश्यकता नसते; जोराने तंतू तुटतात. रात्रभर काचा बोटभर उघड्या ठेवून सीट पूर्ण सुकू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा कोरडा ब्रश फिरवा. एवढ्याने समाधान झाले नाही तर आठवड्याने सारी कृती पुन्हा करा, त्याच दिवशी नको. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर केवळ गार हवेवर वापरावा.

कापडावर बारीक गोळे आले असतील तर स्वेटरवरचे गोळे काढण्याचे बॅटरीवरील यंत्र, त्याची जाळी लावूनच, अगदी टेकवल्या न टेकवल्यासारखे फिरवावे. जेथे लव झडून खालची वीण दिसू लागली आहे, तेथे मात्र कोणत्याही ब्रशने लव परत येत नाही.

प्रश्न: विसर्जनाहून परतताना मुले गुलालाने माखलेली होती. आता मागच्या सीटवर गुलाबी डाग आहेत. ओल्या फडक्याने पुसायला घेतले तर डाग पसरले, म्हणून थांबलो. (गिरगाव)

उत्तर: थांबलात हे फार बरे केलेत. गुलाल म्हणजे पिठासारख्या भुकटीवर चढवलेला रंग. भुकटी कोरडी असेपर्यंत रंग तिच्यातच असतो आणि पाणी लागले की तो सुटतो. जे अजून कोरडे आहे ते व्हॅक्यूमने ओढून घ्या. तोंड कापडावर न घासता किंचित वर धरा आणि मऊ ब्रशने भुकटी त्याच्याकडे झटका. पांढरा कागद दाबून पाहिल्यावर त्याला रंग लागणे थांबेपर्यंत पाण्याला हात लावू नका.

तुमच्या बाजूने असलेली गोष्ट म्हणजे पॉलिएस्टर गार पाण्यात रंग सहजासहजी धरत नाही. त्याला रंगवण्यासाठी कारखान्यातही मोठी उष्णता द्यावी लागते. म्हणून येथे कोमट नव्हे, गारच पाणी घ्या. साबणाच्या गार पाण्यात पिळलेले पांढरे फडके डागावर दाबा, उचला, फडक्याची स्वच्छ बाजू वळवा आणि पुन्हा दाबा. घासू नका, आणि नेहमी डागाच्या कडेकडून मध्याकडे या. तरीही छटा राहिली तर औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर थोडेसे घ्या, आधी सीटच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर लावून मूळ रंग सुटत नाही ना हे पाहा, आणि मगच डागावर टिपा. हे द्रव्य ज्वालाग्राही आहे, तेव्हा दारे उघडी ठेवा आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. जेलसारखे सॅनिटायझर चालत नाही. त्यातील ग्लिसरीन वगैरे पदार्थांनी लव चिकट होते.

प्रश्न: आमची गाडी पोडियमच्या खालच्या पार्किंगमध्ये असते. पावसाळ्यात आम्ही दोन महिने गावी होतो. परत आल्यावर सीट्सवर पांढरट-हिरवे ठिपके आणि कोंदट वास होता. कापराच्या वड्या ठेवल्या, वास थोडा झाकला गेला, पण पुन्हा येतो. (बोरिवली)

उत्तर: ही बुरशी आहे. कापूर वास झाकतो, हवेतली ओल कमी करत नाही, आणि ओल राहिली तर बुरशी पुन्हा येणारच. पॉलिएस्टर हे बुरशीचे अन्न नव्हे. ती वाढते ती कापडावर साचलेल्या घामावर, तेलावर आणि सांडलेल्या खाद्यपदार्थांच्या अंशांवर. म्हणूनच स्वच्छ सीटला ती कमी धरते, आणि गावी जाण्यापूर्वी सीट्स साफ करून जाणे हा खरा उपाय ठरतो.

गाडी उघड्या जागी, वाऱ्यावर आणा आणि चारही दारे उघडा. तोंडाला मास्क लावा. कोरडा ब्रश मारू नका, त्याने बीजाणू गाडीभर उडतात. वर सांगितलेले अल्कोहोल फडक्यावर घेऊन ठिपके टिपा आणि प्रत्येक वेळी फडक्याची बाजू बदला. त्यानंतर संपूर्ण सीट पहिल्या उत्तरातील पद्धतीने साफ करा. सकाळचे कोवळे ऊन तासभर मिळाले तर उत्तमच, पण ऑक्टोबरच्या दुपारी बंद काचांत गाडी तापवून सुकवण्याचा मोह टाळा. दमट उष्णता हीच पॉलियुरेथेनला सर्वाधिक बाधते. पायाखालच्या मॅट काढून त्यांच्या खालचे कार्पेट हाताने चाचपून पाहा. सीटवर बुरशी येते तेव्हा पुष्कळदा ओलीचे मूळ तेथे असते, आणि ते तसेच राहिले तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

वासाचा एक भाग एसीतूनही येत असावा. घरी पोहोचण्याआधी शेवटची काही मिनिटे कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर आतील कॉइलवरचे पाणी सुकते. गाडी बंद राहणार असेल तर सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात. ओल शोषून पाणी साठवणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते सीटवर कधीही ठेवू नयेत. ते लवंडले तर सांडलेले खारट द्रव कापडातून काढणे अतिशय कठीण जाते आणि धातूलाही गंज चढतो.

प्रश्न: ससून डॉकवरून आणलेल्या कोळंबीच्या पिशवीतून मागच्या सीटवर पाणी सांडले. साबणाने पुसले, अत्तरही मारले, पण गाडी उन्हात तापली की वास येतोच. (वरळी)

उत्तर: गरम पाणी वापरले नसेल अशी आशा आहे. मासळी, दूध, अंडे आणि रक्त या प्रथिनयुक्त पदार्थांना गारच पाणी लावायचे असते, कारण उष्णतेने प्रथिने साखळतात आणि तंतूंत घट्ट बसतात. मासळीच्या वासाचे मुख्य कारण ट्रायमिथाइलअमाइन हे अल्कलीधर्मी द्रव्य. आम्लाने त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही, म्हणूनच आपण मासळीला लिंबू लावतो. एक भाग पांढरे व्हिनेगर आणि चार भाग गार पाणी या मिश्रणात फडके पिळून पूर्ण तुकडा पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा आणि सुकवा. व्हिनेगरचा वास दोन दिवसांत जातो. लिंबाचा रस नको, त्यातील साखर मागे चिकटते. वास तरीही राहिला तर पाणी फोममध्ये उतरले आहे असे समजावे आणि सीट उघडून आतून साफ करून घ्यावी. वरून आणखी पाणी मारल्याने ते केवळ अधिक खोल जाईल.

प्रश्न: वडापावच्या चटणीचे तेल आणि हळद फिकट रंगाच्या सीटवर पडली. साबण लावताच पिवळा डाग लाल झाला! (दादर)

उत्तर: घाबरू नका, हळदीतील कुरकुमिन अल्कलीत लालसर होते, आणि तुमचा साबण तसा होता एवढाच त्याचा अर्थ. व्हिनेगरच्या सौम्य पाण्याने पुसल्यावर तो पुन्हा पिवळा दिसेल. कुरकुमिन पाण्यात फारसे विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून वरीलप्रमाणे आडबाजूला तपासून अल्कोहोलने टिपावे. उरलेला फिकट पिवळेपणा उजेडात हळूहळू उडतो. तेलाचे म्हणाल तर डाग ताजा असताना त्यावर कॉर्नफ्लोअर शिंपडून अर्धा तास ठेवावे आणि व्हॅक्यूमने काढावे. खाण्याचा सोडा मी सुचवत नाही. त्याचे कण लवेत अडकतात आणि तो हळदीला पुन्हा लाल करतो.

प्रश्न: घरच्या स्टीम मशीनने सीट साफ करावी का? आणि बुटांसाठी मिळणारा स्वेडचा संरक्षक स्प्रे चालेल का? (अंधेरी)

उत्तर: दोन्ही टाळावे. वाफ फोममध्ये उतरते आणि मुंबईच्या दमट हवेत ती लवकर बाहेर येत नाही. बुटांच्या स्प्रेमुळे लव एकमेकांना चिकटण्याची भीती असते. व्यायामशाळेतून घामाने भिजून परत येत असाल तर सीटवर धुतलेला सुती पंचा पसरावा, तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे. बाहेर साफ करून घेताना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात: सर्वत्र वापरायचे तीव्र अल्कलीयुक्त क्लीनर या सीटवर नको, आणि डॅशबोर्डचे पॉलिश गाडीत हवेत न फवारता फडक्यावर घ्यायचे. हवेत फवारलेल्या सिलिकॉनचे तुषार सीटवर बसतात आणि ते काढणे मळ काढण्यापेक्षाही कठीण असते.

प्रश्न: सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ अशी पट्टी आहे. तेथे ओले फडके लावावे का? आणि चालकाच्या सीटच्या कडेला, जेथून आपण आतबाहेर करतो, तेथे कापड टक्कल पडल्यासारखे झाले आहे. तेवढाच तुकडा बदलता येतो का? (विलेपार्ले)

उत्तर: घट्ट पिळलेले फडके अवश्य लावा, पण पाणी ओतू किंवा फवारू नका. सीटच्या आत आणि खाली एअरबॅगच्या, सीटबेल्टच्या आणि प्रवासी बसल्याची जाणीव देणाऱ्या सेन्सरच्या वायर्स व जोड असतात. साफसफाईसाठी कोणताही जोड, विशेषतः पिवळ्या रंगाचा, सोडवू नका. सीटला बारीक छिद्रे असतील तर फेस त्यांत दाबू नका. कोरड्या फेसाने वरवर पुसा.

तुकडा बदलण्याविषयी सांगायचे तर चांगला सीट शिवणारा कारागीर मधला किंवा मांडीखालचा तुकडा उसवून त्याच मापाचा नवा लावू शकतो. नवा तुकडा घेताना लवेची दिशा जुन्या तुकड्याशी जुळवून पाहायला सांगा, नाहीतर एकाच थानातील कापडही दोन रंगांचे दिसते. परंतु तुम्ही वर्णन करता ती जागा पाठीच्या बाहेरच्या कडेला, एअरबॅगच्या पट्टीलगत असेल, तर ते काम बाजारात देऊ नका. एअरबॅग फुगताना तेथील शिलाई ठरावीक पद्धतीने उसवावी अशीच तिची रचना असते, आणि साध्या मजबूत दोऱ्याने पुन्हा शिवली तर ती वेळेवर उघडणार नाही. अशा वेळी गाडीच्या कंपनीकडून त्या भागाचे तयार कव्हर मागवा, आणि ते येईपर्यंत टक्कल पडलेली जागा तशीच राहू द्या. वरून बांधायचे सीट कव्हरही त्या बाजूला घालू नका.